कोंबड्यांच्या दांडीला नक्की काय लावायचं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी खुराड्याबद्दलची पत्रं एकत्रच घेतोय, कारण बहुतेकांचं दुखणं एकच निघालं. रात्री कोंबड्या बसतात ती लाकडी दांडी आणि तिच्यावर वाळून बसलेली घाण.

प्रश्न : आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. परसात खुराडं आहे, बारा-तेरा कोंबड्या, निम्म्या गावठी निम्म्या गिरीराज (सुधारित जातीच्या). घराच्या छपराचं काम झालं तेव्हा उरलेल्या रिपा आणि वाश्यांच्या तुकड्यांपासून ह्यांनी दांड्या करून दिल्या, तीन, शिडीसारख्या एकावर एक. पण शिट अशी वाळून बसते की खुरप्याने खरवडताना हात भरून येतो आणि पावसाळ्यात धुतलं तर लाकूड चार-चार दिवस सुकत नाही, बुरशी येते. मामंजी म्हणतात गॅरेजमधलं जळकं ऑइल लावू, हार्डवेअरवाला म्हणतो ऑइलपेंट मारा नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर मारायचा पारदर्शक लेप). कोंबड्यांना बाधणार नाही आणि साफही पटकन होईल असं काय लावू?

उत्तर : ताई, आधी जळक्या ऑइलचा विषय संपवू, कारण तो सल्ला सगळ्यात घातक आहे आणि गावोगाव तोच दिला जातो. कुंपणाच्या खांबाला वाळवी लागू नये म्हणून लोक लावतात ते मी बघतो, तिथेही मला पटत नाही, पण खुराड्यात तर अजिबातच नको. इंजिनात फिरून आलेल्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण असतात, अर्धवट जळलेली रसायनं असतात, त्यातली काही कॅन्सर करणारी. ते लाकडावर कधीच पूर्ण सुकत नाही. कोंबडी रात्रभर त्याच्यावर पोट टेकून बसणार, तेल पिसांना लागणार, सकाळी ती चोचीने पिसं साफ करणार म्हणजे ते थेट पोटात. आणि अंडी तुम्हीच खाणार. डांबराचंही तेच. मामंजींना सांगा, खांबाचं औषध खांबापुरतं ठेवा.

आता शिट इतकी घट्ट का बसते ते बघा, म्हणजे कुठला लेप उपयोगाचा ते आपोआप कळेल. कोंबडी वेगळी लघवी करत नाही, शिटेवर जो पांढरा थर दिसतो तीच तिची लघवी, म्हणजे युरिक अ‍ॅसिड. ते पाण्यात फारसं विरघळत नाही. रंधा न मारलेल्या रिपेच्या रेषांमध्ये ते ओलं असताना शिरतं आणि वाळलं की सिमेंटसारखं धरतं. त्यामुळे तुम्ही बादलीभर पाणी ओतता तेव्हा घाण सुटत नाही, फक्त लाकूड पाणी पितं, आणि ओल्या शिटेतून अमोनिया सुटतो तो तुम्हाला येणारा वास. म्हणून पावसाळ्यात धुणं बंदच करा. खरवडायचं ते कोरडं असतानाच, आणि खुरप्याऐवजी रंगाऱ्याची पत्ती घ्या, तिला सरळ धार असते त्यामुळे लाकडात खड्डे पडत नाहीत. खड्डा पडला की पुढच्या वेळी घाण तिथेच बसते.

म्हणजे खरं काम लेपाच्या आधीचं आहे. लाकूड गुळगुळीत हवं आणि कडा मारलेल्या हव्यात. सुताराकडून रंधा मारून घ्या, नंतर ८० नंबरचा आणि मग १२० नंबरचा पॉलिश पेपर. दांडीची रुंदी ४ ते ५ सेंटीमीटर ठेवा, तुमच्या गिरीराज अंगाने जड, त्यांना बारीक काठीवर तळपाय टेकवायला जागा मिळत नाही. फक्त एक शंका आहे, तुमचं लाकूड जुन्या छपरातलं असेल आणि त्याच्यावर जुना रंग असेल तर ते घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ साली आला आणि २०१७ च्या शेवटी लागू झाला, त्याच्या आधीच्या रंगात किती शिसं असेल काय सांगावं, आणि घासल्यावर ती धूळ तुमच्या नाकात आणि कोंबड्यांच्या दाण्यात. तसलं लाकूड तिथे वापरूच नका, सुरूचा एखादा वासा आणा, त्याची साल मात्र पूर्ण सोलून काढा.

आता लेप. ऑइलपेंट साफसफाईला सोपा, खोटं कशाला बोलू, पण चकचकीत पेंटवर कोंबडीचा पाय घसरतो, ती रात्रभर नखं रोवून बसते, नखांनी पेंट फुटतो आणि फुटलेला पापुद्रा दिसला की ती टोचणारच, कोंबडीच ती. पीयू त्याहून बरा, घ्यायचा तर पाण्यातला आणि मॅट, चमकणारा नको. हाताला कोरडा लागला म्हणजे तो तयार झाला असं नसतं, खरा कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर दांडी उघड्या हवेत ठेवायची. पण त्याचंही दुखणं असं की एकदा नखाने थर कापला की पाणी खाली शिरतं आणि मग कातडी सुटल्यासारखा तो सुटायला लागतो, दुरुस्ती करायची तर सगळा घासून काढा.

म्हणून माझं मत अळशीच्या तेलाला. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड म्हणून डब्यात मिळतं. हे लाकडात मुरतं आणि हवेने आतच घट्ट होतं, वर पापुद्रा राहत नाही त्यामुळे सुटायला काही नसतं. लावायची पद्धत अशी की फडक्याने चोळून पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं (इथेच लोक आळस करतात आणि मग चिकट राहिलं म्हणून तक्रार करतात), एक-दोन दिवस वाळू द्यायचं, परत हात. असे तीन हात झाले की पुरे. दांडीच्या दोन्ही टोकांना जास्त पाजा, पाणी तिथूनच आत जातं. हे काम एप्रिल-मे मध्येच करा, आषाढात केलंत तर गणपतीपर्यंत चिकटच राहील. डब्यातल्या तेलात ते लवकर सुकावं म्हणून धातूंची क्षारं घातलेली असतात, त्यामुळे वास पूर्ण जाऊन हाताला काही लागेनासं होईपर्यंत कोंबड्या त्याच्यावर बसवायच्या नाहीत.

आणि हे विसरू नका, तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. हे तेल सुकताना तापतं आणि बोळ्यात ती उष्णता अडकून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

खोबरेल, करंज, कडुनिंब ही तेलं लावून उपयोग नाही, ती सुकत नाहीत. धूळ, पिसं, भुसा सगळं चिकटतं आणि तुमचं काम वाढतं.

एवढं करूनही सांगतो ताई, लेपाने फार तर निम्मं काम हलकं होईल. बाकीचं निम्मं दांड्यांच्या मांडणीत आहे. शिडीसारखी रचना मोडा, वरच्या कोंबड्या खालच्यांवर घाण करतात, खालची दांडी जास्त बरबटते ती म्हणूनच. शिवाय प्रत्येकीला सगळ्यात वरच बसायचं असतं त्यामुळे रोज संध्याकाळी मारामारी. तिन्ही दांड्या एकाच उंचीवर घ्या, दीड ते दोन फूट, मधे फूटभर अंतर, प्रत्येक कोंबडीला २० ते २५ सेंटीमीटर जागा. आणि दांड्या खिळ्याने ठोकू नका, दोन्ही बाजूंना लाकडात खाच पाडून नुसत्या अडकवा म्हणजे उचलून अंगणात नेता येतात, उन्हात टाकता येतात. दोन जास्तीच्या करून ठेवल्यात तर एक सुकेपर्यंत दुसरी वापरता येते.

दांड्यांच्या खाली सात-आठ इंचावर फळी टाका आणि तिच्यावर जुना फ्लेक्स, निवडणुका झाल्या की गावात हवे तेवढे मिळतात, पुढाऱ्यांचा तेवढा तरी उपयोग. संध्याकाळी त्याच्यावर चुलीतली पूर्ण गार झालेली राख भुरभुरा, सकाळी फ्लेक्स ओढून झटका. रात्रभराची घाण दोन मिनिटांत बाहेर.

प्रश्न : ताईंसारखीच आमचीही लाकडी दांडी आहे, जुन्नरकडे. रात्री कोंबड्या खुराड्यात शिरायला बघत नाहीत, तुरे पांढरे पडलेत, अंडी कमी. कोणी म्हणालं दांडीला रॉकेल चोळ, कोणी म्हणालं पेंट मार म्हणजे किडे मरतील. खरं काय?

उत्तर : दादा, लक्षणं लाल माइटची वाटतात, पण खात्री तुम्हीच करा. रात्री दहा-अकराला बॅटरी घेऊन जा आणि पांढरं फडकं दांडीच्या खालच्या बाजूने, मुख्य म्हणजे ती जिथे टेकते त्या जोडात दाबून पुसा. फडक्यावर रक्ताच्या रेघा उठल्या तर माइट नक्की. हा किडा दिवसा कोंबडीच्या अंगावर राहत नाही, फटीत लपतो आणि रात्री येऊन रक्त पितो, त्यामुळे दिवसा कोंबडी उचलून बघितली तर काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात आठवड्याभरात त्याची नवीन पिढी तयार होते आणि रिकाम्या खुराड्यात उपाशी तो कित्येक महिने काढतो. गोचीडही अशीच फटीत राहते.

पेंट मारल्याने आतला किडा मरत नाही, फटीची तोंडं बुजतात एवढंच, आणि तीही सगळी नाही. रॉकेल नकोच, आग लागेल आणि पायाची कातडी भाजेल. दांड्या काढून बाहेर न्या, उकळतं पाणी जोडांवर आणि टोकांवर ओता, कडक उन्हात दोन दिवस टाका. खुराड्याच्या भिंती आणि खाचा यांना चुना द्या. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवा (पाणी उसळतं, लांब उभे राहा, मुलांना जवळ येऊ देऊ नका), फडक्यातून गाळा आणि ब्रशने फटीत कोंबून लावा. ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळे चष्मा घाला, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत नकोत. खुद्द दांडीवर चुना दिला तरी चालतो पण तो पावडर होऊन झडतो, दर दोन-तीन महिन्यांनी परत द्यावा लागतो. अळशीचं तेल आणि चुना एकाच दांडीवर नको, तेलावर चुना धरत नाही.

कोंबडीला द्यायचं औषध मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच, आणि औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारल्याशिवाय तिथून निघू नका. तुरे पांढरे पडलेत म्हणजे रक्त बरंच गेलंय, फार दिवस लावू नका.

प्रश्न : लाकडाची कटकटच नको म्हणून पीव्हीसी पाइप बसवला तर? पुसलं की साफ.

उत्तर : साफ होईल, पण कोंबडी घसरेल. त्याच्यावर सुतळी गुंडाळतात काही जण, म्हणजे माइटला राहायला बंगला बांधून दिला. जड कोंबड्या वरून धपकन उड्या टाकायला लागल्या की तळपायाला इजा होऊन गाठ येते, मधे काळी खपली दिसते, आत पू. बांबू त्यापेक्षा चालेल, फक्त पेराच्या लगेच पुढे कापा म्हणजे टोकाची पोकळी उघडी राहत नाही. बांबूला तेल फारसं मुरत नाही, तो तसाच वापरा आणि खराब झाला की बदला.

प्रश्न : होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात, लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. दांडीला का नको? (मालवण)

उत्तर : काका, ते हाताला लागलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, फोड येतात. कोंबडीच्या पायाचं तसंच होईल. होडीलाच ठेवा.

प्रश्न : खरवडलेली घाण ब्लीचिंग पावडर टाकून धुवावी का? आणि ती नारळाला घातली तर चालेल?

उत्तर : ब्लीचिंग पावडर शिटेवर कधीच टाकू नका, अमोनियाशी मिळून विषारी वायू सुटतो आणि बंद खुराड्यात तो तुमच्याच छातीत जातो. आधी सगळं कोरडं खरवडून बाहेर काढा, नाकाला फडकं बांधा, आणि मग स्वच्छ झालेल्या जागेवर पाहिजे तर पावडरचं पाणी. काम झालं की हात साबणाने धुवा, मुलांचेही. नारळाला ताजी घाण घालू नका, मुळं जळतात. पालापाचोळा आणि भाताच्या तुसाबरोबर ढीग करा, अधूनमधून ओलावा द्या, वरखाली करा, तीन-चार महिन्यांनी वास गेला की आळ्यात घाला. आणि खुराड्यात दिलेला चुना या ढिगात पडू देऊ नका, त्याने नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि नारळाला नुसता चोथा उरतो.