वाचकांचे प्रश्न: मातीच्या टेकाडावरचा किल्ला

प्रश्न : वेल्समधल्या अ‍ॅबरगॅव्हेनी या बाजाराच्या गावातला नॉर्मन किल्ला मातीच्या टेकाडावर का? आपल्या ग्वाल्हेरसारखा खडकावर का नाही? (एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : घाई होती म्हणून. ग्वाल्हेरला वालुकाश्माचा डोंगर आयता मिळाला. हॅमेलिन द बॅलॉन या नॉर्मन (उत्तर फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांपैकी) सरदाराला १०८७ च्या सुमारास, नुकत्याच घेतलेल्या मुलखात लवकर ठाणं उभं करायचं होतं. चर खणायचा, निघालेली माती आत थराथराने रचून धुम्मस करायची, वर लाकडी बुरूज आणि कुंपण. मजूर असले की काम भराभर उठतं. दगड लगेच का नाही? ताजा भराव एकसारखा बसत नाही, जड भिंतींना तडे जातात. लाकडाचंही दुखणं आहेच : मातीत गाडलेली टोकं कुजतात, आणि आग लागली की संपलं. म्हणून दगडी बांधकाम मागाहून आलं.

११७५ च्या नाताळात विल्यम द ब्रोझ या नॉर्मन सरदाराने वेल्श सरदारांना इथेच बोलावून कापून काढलं. किल्ल्याची कुप्रसिद्धी मुख्यतः त्यामुळे. १६४५ मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धात तो मोडला गेला.

टेकाडावर आज दिसते ती चौकोनी इमारत मात्र नॉर्मन नव्हे. ते १८१९ चं शिकारघर, सध्या संग्रहालय. फोटो पाहून बरेच जण फसतात.