मुलगा म्हणतो 'बरं', आणि रडतेय मी

थीम पार्कमधला लहान मुलांचा भाग कायमचा बंद झाला म्हणून कोणी समुपदेशकाकडे येतं का? येतं. म्हणजे कारण म्हणून ते कोणी सांगत नाही, येतात झोप लागत नाही, चिडचिड होते, मुलं ऐकत नाहीत असलं काहीतरी घेऊन आणि मग अर्ध्या तासाने "अजून एक आहे, पण हसाल तुम्ही" असं म्हणत ते हळूच बाहेर येतं. त्यातल्याच एकीची गोष्ट सांगते, तिला विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती आली होती मुलाची काळजी घेऊन. मुलगा १० वर्षांचा. "याला भावनाच नाहीत का हो मॅडम?" झालं होतं असं की लहानपणी प्रत्येक ट्रिपला तो जिथे तासन्‌तास रमायचा तो भाग पार्कने बंद केला, कोणीतरी टाकलेला व्हिडिओ हिने फोनवर बघितला, पत्र्याचं कुंपण आणि त्याच्यामागे अर्धवट सोडवलेलं चढायचं जाळं, आणि ऑफिसातच रडू कोसळलं. घरी येऊन मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं. ते बारक्यांचं होतं ना पण," आणि परत गेममध्ये डोकं घातलं. नवरा हसला. मोठी मुलगी म्हणाली, "आई, सीरियसली?" हे सगळं सांगून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग खरं काय ते बोलली, "व्हिडिओ बघताना मनात पहिल्यांदा काय आलं माहितीये का, सुटले बाई एकदाची, असं आलं. रडू नंतर आलं. मग मी रडले ते खोटं होतं का?"

मुलाचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. त्याला भावना आहेत, आठवण नाहीये. आपल्यापैकी बहुतेकांची सगळ्यात जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याआधीचं जे आपण 'आठवतं' म्हणतो ते बऱ्याचदा फोटो बघून आणि ऐकून तयार झालेलं असतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया बाऊर यांनी मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेऊन बघितलंय, तीन वर्षांचं असताना घडलेल्या गोष्टी ५ ते ७ वयात मुलांना ६० टक्क्यांहून जास्त आठवत होत्या आणि ८-९ व्या वर्षी ४० टक्क्यांहून कमी. म्हणजे या बाईचा मुलगा नेमका त्या वयातून नुकताच पुढे आलाय. त्या घसरगुंड्या, तो पाण्याचा फवारा, ते सगळं आता त्याच्यापेक्षा हिच्याच डोक्यात जास्त शिल्लक आहे. आणि दुसरं म्हणजे १० वर्षांच्या पोराला आपण 'बारके' नाही हे जगाला सतत सांगायचं असतं, त्यामुळे त्या 'बरं' मध्ये फार काही शोधू नये. पुढच्या भेटीत तिने सांगितलं की आठवड्याभराने जेवताना मधेच त्याने विचारलं, "आई, ती बोगद्यासारखी घसरगुंडी होती ना, ती आता कुठे नेली असेल? वितळवतात का?" मुलांचं वाईट वाटणं बऱ्याच वेळा असंच येतं, उशिरा आणि माहिती विचारल्यासारखं. तेव्हा उत्तर द्यावं, "तुला वाईट वाटतंय का रे" असं खोदत बसू नये.

आता तिचं. बहुतेक जण अशा वेळी म्हणतात चांगल्या आठवणी जपा, नवीन काहीतरी छान येईल. मला हे अजिबात आवडत नाही कारण समोरचा माणूस चांगल्या आठवणींनी नाही, मिसळलेल्या आठवणींनी बेजार झालेला असतो. मी तिला म्हटलं हायलाइट्स नको, मला तिथला एक अख्खा दिवस सांगा, गेटमधून आत गेल्यापासून.

आणि मग जे आलं ते असं होतं. मोठी मुलगी तोपर्यंत मोठ्या राइड्सच्या उंचीत बसायला लागली होती, या राइड्सना उंचीची अट असते, कुठे ४० इंच, कुठे ४८, आणि धाकटा कशातच बसायचा नाही. म्हणून नवरा मुलीला घेऊन पुढे आणि ही धाकट्याबरोबर लहान मुलांच्या भागात. बऱ्याच पार्कमध्ये यासाठी सोय असते, एक पालक राइड करून येतो तोवर दुसरा मुलाजवळ थांबतो आणि मग अदलाबदल, दुसऱ्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही. हिने ती सोय किती वेळा घेतली? "नाही घेतली. हे विचारायचे, मीच म्हणायचे राहू दे, तो रडेल." वर्षानुवर्षं ओले कपडे, मांडीवर बॅग, त्याच गाण्याचा स्पीकर, शेजारच्या अनोळखी आयांशी तेच ते हसणं. कंटाळा यायचा, भयंकर यायचा, आणि तो यायला नको असं वाटायचं, कारण सुट्टीवर आलोय ना. त्याच दिवसाच्या मधोमध मात्र हेही होतं की याच जागेत मुलाने पहिल्यांदा तिचं बोट सोडून ते जाळं एकट्याने चढून दाखवलं आणि वरून ओरडला. ते बघायला तिथे फक्त ती होती.

म्हणून मी तिला म्हटलं, 'सुटले' पण खरं आहे आणि रडूही खरं आहे, एकाने दुसरं खोटं ठरत नाही. आणि या दोघांच्या खाली तिसरं काहीतरी होतं जे तिलाच बोलता बोलता सापडलं, राग. नवऱ्यावर थोडा, स्वतःवर जास्त. जागा चालू होती तोपर्यंत कधीतरी आपलंही ऐकलं जाईल असं कुठेतरी वाटत होतं, जागा गेली आणि तक्रार करायला ठिकाणच राहिलं नाही. जुन्या उधारीची वही हरवावी तसं, देणेकरीही मोकळा आणि आपणही, पण पैसे काही मिळाले नाहीत.

घरच्यांचं हसणं तिला जास्त लागलं होतं. दुःखाचा अभ्यास करणारे केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये हे नीट मांडलंय की काही दुःखं अशी असतात ज्यांना आजूबाजूचे लोक दुःख मानायलाच तयार नसतात, मग ते दुःख सहन करणं आणि लपवणं अशी दोन कामं माणसाला करावी लागतात. पार्कच्या कोपऱ्यासाठी कोण रजा घेणार आणि कोण भेटायला येणार.

ती म्हणाली, "पण ते असं काढून कसं टाकू शकतात?" यावर मी तिला बाहेरची उदाहरणं सांगितली, मला या गोष्टी वाचायचा नाद आहे. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये १९८८ साली मिकीच्या साठाव्या वाढदिवसासाठी मिकीज बर्थडेलँड उभारलं, ते तात्पुरतं होतं, पण नावं बदलत बदलत २०११ पर्यंत टिकलं, शेवटी टूनटाउन फेअर म्हणून बंद झालं. डिस्नेच्याच कॅलिफोर्नियातल्या पार्कमधलं अ बग्ज लँड २००२ ला उघडलं, २०१८ मध्ये गेलं आणि त्या जागी सुपरहिरोंचा कॅम्पस आला. ओरलँडोच्या युनिव्हर्सलमधला वुडी वुडपेकरचा किडझोन २०२३ च्या जानेवारीत बंद झाला आणि २०२४ मध्ये तिथे ड्रीमवर्क्स लँड उघडलं, त्यातला छोटा रोलर कोस्टर मात्र ठेवला, फक्त नाव आणि रंगरूप बदलून. लहान मुलांचा भाग हा पार्कचा असा तुकडा असतो ज्याचं गिऱ्हाईक पाच-सहा वर्षांत मोठं होऊन निघून जातं, त्यातली पात्रं पुढच्या मुलांना ओळखूही येत नाहीत आणि पार्कमधली जमीन तर मोजकीच. हे कारण कळल्याने दुःख जात नाही, पण कोणीतरी आपल्यावर सूड उगवलाय असं जे वाटतं ना ते कमी होतं. तिचं झालं.

तुमचं मूल अजून त्याच वयाचं असेल, म्हणजे ती जागा त्याला खरोखर हवी असेल, तर गोष्ट वेगळी. त्याला गेटवर नेऊन सरप्राइज देऊ नका, घरीच साध्या शब्दांत सांगा, ती जागा आता नाहीये, आपण जाऊ तेव्हा दिसणार नाही. "दुरुस्ती चालू आहे" असली थाप मारू नका, ते पुढची दोन वर्षं विचारत राहील. चार वर्षांचं मूल तोच प्रश्न दहा वेळा विचारतं, तेच उत्तर दहा वेळा द्यायचं. ज्या मुलांना ठरलेला क्रम लागतो, बदल झेपत नाही, त्यांना नवा नकाशा आणि फोटो आधी दाखवा, कुठून कुठे जायचं ते ठरवून घ्या. आणि नव्या भागाला मुलासमोर नावं ठेवू नका, कदाचित त्याला तो आवडेल आणि मग ते तुमच्यापासून लपवावं लागेल.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला विचारते, त्या जागेशी जोडलेलं कोणी गेलंय का? मूल, जोडीदार, आजी-आजोबा. तसं असेल तर हा विषय पार्कचा नाहीच, तिथे सावकाश आणि वेगळ्या पद्धतीने काम करावं लागतं. तसंच रडू, झोप, भूक, कामात लक्ष नसणं हे काही आठवडे तसंच राहिलं तर एकट्याने ओढत बसू नका.

हिच्या बाबतीत तसं काही नव्हतं. आमच्या मोजक्याच भेटी झाल्या, त्यातल्या एकीला नवराही आला होता आणि "तू कधी बोललीच नाहीस" आणि "तू कधी नीट विचारलंच नाहीस" हे दोन्ही एकदाचं समोरासमोर झालं, जरा आवाज चढले, ठीक आहे. नंतर कधीतरी तिचा मेसेज आला की सगळे परत त्याच पार्कला गेले होते, आता धाकटाही उंचीत बसतो त्यामुळे अदलाबदलीची गरजच नव्हती, चौघं मोठ्या राइडला एकत्र बसले आणि तिला इतकी चक्कर आली की बाकीचा दिवस ती बाकावर बसून होती, "मॅडम, एवढी वर्षं मी जे मिस केलं म्हणून रडले ना, ते मला आवडतच नाही!"