रोलरला काय लागतं, ते आधी लिहा

कारखान्यांतल्या रबरी रोलरबद्दल या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांत रबराचा शोअर न चुकता लिहिला आहे. रोलरवरून कुठली शाई जाते, कुठलं रसायन लागतं, संध्याकाळी तो कशाने पुसतात, हे मात्र पत्रांत नाही. शोअर म्हणजे रबर किती कडक, एवढंच. ७० शोअरचं नैसर्गिक रबर मिळतं, नायट्राइल आणि ईपीडीएम ही कृत्रिम रबरंही मिळतात. तिघांची तब्येत तीन तऱ्हेची.

आमचा हिरवा रोलर तेलात चांगला टिकला. आता सगळे हिरवेच मागवू का? (कुपवाड)

नको. रंग त्यात मिसळलेल्या भुकटीचा असतो. हिरवं नायट्राइल होतं आणि हिरवं ईपीडीएमही होतं. जुन्या बिलावर रबराचं नाव असेल, ते बघा.

फिल्म लॅमिनेशनच्या मशिनवरचा ७० शोअर नायट्राइल रोलर दोन महिन्यांत दोन्ही कडांना फुगला. कव्हरिंगवाला (रोलरवर रबर चढवणारा) म्हणतो, "नायट्राइल सॉल्व्हंटला चालतं." मग फुगला कसा? (भोसरी)

"सॉल्व्हंटला चालतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर एकच विचारतो: कुठल्या सॉल्व्हंटला? रॉकेल, डिझेल, खनिज तेल, ग्रीस यांना नायट्राइल उत्तम. तुमच्या गोंदात आहे इथाइल ॲसिटेट, आणि त्यात नायट्राइल फुगतं. एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) आणि ॲसिटोन या सॉल्व्हंटमध्ये तर आणखी वाईट. कडाच फुगल्या याचं कारण साधं आहे. मधला भाग फिल्मखाली झाकलेला असतो, कडा उघड्या. गोंद तिथे साचतो आणि शिफ्ट संपताना मुलं ॲसिटेटचा बोळा तिथेच घासतात.

मग ईपीडीएम घ्यायचं का? ॲसिटेट, एमईके आणि अल्कोहोलला ते नायट्राइलपेक्षा पुष्कळ बरं. पण त्याच मशिनवर टोल्युइनवाली शाई येत असेल, तर टोल्युइन ईपीडीएमची वाट लावतं. खनिज तेलाशीही त्याचं जमत नाही. बेअरिंगमधून ग्रीस गळलं तरी टोक फुगतं. टोल्युइन आणि ॲसिटेट दोन्ही असतील तर पॉलिसल्फाइडच्या जातीची रबरं आहेत. ती कमी फुगतात, पण अंगाने दुबळी असतात आणि जास्त दाबाला, उष्णतेला टिकत नाहीत. सगळ्याला पुरून उरेल असं रबर नाही. म्हणून रोलरला काय काय लागतं त्याची यादी हवी, आणि यादीत धुण्याचं द्रवही हवं.

कुणाच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका, माझ्याही नाही. कव्हरिंगवाल्याकडून ज्या कंपाउंडचं कव्हर चढणार त्याच कंपाउंडचा, त्याच पॅनमध्ये शिजवलेला लहान तुकडा मागा. सोनाराच्या काट्यावर वजन करा. झाकणाच्या काचेच्या बाटलीत तुमचंच द्रव घ्या, मशिनवर असतं त्याच प्रमाणात. तुकडा त्यात तीन दिवस बुडवून ठेवा. प्रयोगशाळेत यासाठी ७० तास धरतात. ही द्रवं पेट घेतात, तेव्हा बाटली ज्योतीपासून आणि वेल्डिंगपासून लांब. मग तुकडा काढून पटकन पुसा आणि लगेच वजन करा. एका कारखान्यात मी हे करून दाखवलं होतं. बाटलीच्या तोंडातून सहज आत गेलेला तुकडा चौथ्या दिवशी चिमट्याने ओढावा लागला. १० ग्रॅमचा तो १६ ग्रॅमच्या पुढे गेला होता, आणि नख दाबलं तर कड मऊ गुळासारखी तुटत होती.

तोच तुकडा आठवडाभर मोकळ्या हवेत वाळवून पुन्हा काट्यावर ठेवा. मूळ वजनापेक्षा कमी भरला तर रबराला मऊ ठेवणारं तेल द्रवाने धुऊन नेलं. असा रोलर आधी फुगतो, सुट्टीत आकसतो आणि मग कडक होतो. तुम्ही त्याला "रबर शिळं झालं" म्हणता. दोन-तीन कंपाउंडचे तुकडे एकदम बुडवा आणि ते आकडे घेऊन कव्हरिंगवाल्याबरोबर बसा. मी पत्रातून नाव सांगणार नाही. तुमच्या निपचा, म्हणजे दोन रोलर जिथे टेकतात तिथला, दाब आणि वेग मला माहीत नाही.

ऑफसेट मशिनवर यूव्ही शाई सुरू केली आणि रोलर बिघडले. शाईवाला म्हणतो, "थोडे दिवस चालवा, बसतील." (पुणे)

बसणार नाहीत. नेहमीच्या तेलाच्या शाईला नायट्राइलचे रोलर असतात, निव्वळ यूव्हीला, म्हणजे अतिनील दिव्याखाली वाळणाऱ्या शाईला, ईपीडीएमचे. दोन्ही शाया आलटूनपालटून चालवायच्या तर त्यासाठी वेगळं मिश्र कंपाउंड येतं, आणि त्याची तडजोड तुम्हाला पत्करावी लागते. यूव्हीच्या ईपीडीएम रोलरला नेहमीच्या रॉकेलजातीच्या वॉशने पुसलंत तर एका रात्रीत व्यास वाढतो. वॉशचे डबे वेगळे ठेवा, झाकणावर ठळक लिहा. सध्याच्या रोलरचा पट्टा (दोन रोलर टेकतात तिथे उमटणारी शाईची पट्टी) मोजा, व्यास मोजा आणि मशिनच्या पुस्तिकेतल्या मापाशी ताडून मगच नवे सांगा.

हायपालॉन बंद झालं म्हणतात. खरं का?

हायपालॉन हे ड्यूपाँट कंपनीच्या एका कृत्रिम रबराचं नाव. कंपनीने ते २०१० मध्ये बंद केलं. तीच जात दुसरे कारखाने बनवतात. बाजारात अजून "हायपालॉन" म्हणूनच मागतात. बिलावर मात्र कुणाचं आहे ते लिहून घ्या.

प्रोसेस हाउसमध्ये पेरॉक्साइड ब्लीचिंगनंतरच्या मँगलचा (कापड पिळणाऱ्या यंत्राचा) रोलर वर्षभरात तडकला. शेजारच्या प्रोसेसमध्ये असाच रोलर चार वर्षं चालतो. (इचलकरंजी)

शेजाऱ्याचं तापमान, कॉस्टिकचं प्रमाण आणि दाब तुमच्याइतकाच आहे हे तुम्ही तपासलं आहे का? गरम पेरॉक्साइड आणि कॉस्टिकला ईपीडीएम चांगलं. हायपोक्लोराइट असेल तर हायपालॉनच्या जातीकडेही बघतात. तुमचा रोलर नैसर्गिक रबराचा असेल, तर तो वर्षभर टिकला हेच पुष्कळ. दुसरी गोष्ट: मशिन थांबलं की रोलर उचलता का? रविवारभर दाबात ठेवलेल्या रोलरवर सोमवारी आडवा चपटा पट्टा पडतो आणि प्रत्येक फेऱ्यात तिथे कापड कमी पिळलं जातं. दाब सोडायला एक मिनिट लागतं.

भातगिरणीच्या शेलरचे दोन रोलर सारखे का झिजत नाहीत? (भंडारा)

ते सारख्या वेगाने फिरत नाहीत म्हणून. तूस सोलण्यासाठी एक रोलर दुसऱ्यापेक्षा साधारण चौथाई जास्त वेगाने फिरवतात, आणि वेगवान रोलर आधी झिजतो. ठरावीक तासांनी दोघांची अदलाबदल करा. झीज झाली म्हणून नुसता दाब वाढवलात तर कणी वाढते आणि रबर तापतं. हंगामाआधीच भरमसाट साठा करू नका. ठेवलेच तर अंधारात ठेवा, पत्र्याखालच्या उन्हात नाही, मोटारीशेजारी आणि वेल्डिंगजवळही नाही. तिथल्या ओझोनने नैसर्गिक रबराला भेगा पडतात.

१८० अंशांवर चालणाऱ्या रोलरला सिलिकॉन लावलं. पंधरा दिवसांत चिरा पडल्या. माल खोटा का? (तळोजा)

कदाचित. ठिणगीभर तुकडा जाळून बघा: सिलिकॉनची राख पांढरी उरते. पण आधी मशिनवर उभे राहून बघा की गुंडाळलेली फिल्म मुलं कशाने काढतात. सिलिकॉन उष्णतेला पक्कं, फाटण्याला कच्चं. ब्लेडचा एक ओरखडा पुरतो, भेग त्यातून पुढे धावते. चिरा सरळ आणि एकाच दिशेच्या असतील तर दोष सुरीचा आहे. फिल्म रोलरला चिकटणारच नाही अशी व्यवस्था करा, ब्लेड मशिनवरून काढून घ्या.

एकाने निम्म्या दरात कव्हरिंग करून देतो म्हटलं. देऊ का?

निम्म्या दरात रबर कमी आणि चुना-माती जास्त, किंवा जुन्या टायरचं रिक्लेम, म्हणजे पुन्हा वापरात आणलेलं रबर. नवा रोलर हातात घेतला तर फरक कळत नाही, शोअरही बरोबर लागतो. घासायला लागल्यावर कळतो. विटॉन या महाग रबराचे म्हणून पैसे घेतले असतील तर घनता तपासा: विटॉनचं कंपाउंड साधारण १.८ किंवा त्याहून जड असतं, नायट्राइलचं बरंच हलकं. तुकडा हवेत आणि पाण्यात तोलला की आकडा मिळतो. असा तुकडा द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे कोअर (रबराच्या आतला लोखंडी रूळ) पाठवू नका.

रबर एका टोकाला कोअरपासून सुटलं आहे. ऑर्डर संपेपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, चालवू का? (नाशिक)

नाही. लाकडी हातोडीने रोलरभर हलके ठोके द्या. जिथे आवाज पोकळ, तिथपर्यंत रबर सुटलं आहे, आणि ते तुम्हाला दिसतं त्यापेक्षा आत गेलेलं असतं. त्या फटीतून द्रव शिरतं, लोखंड गंजतं, मग नुसतं कव्हर बदलून भागत नाही, कोअरही वळवून घ्यावा लागतो. पूर्ण वेगात तुकडा उडाला तर समोर माणूस उभा असतो. आज रोलर उतरवा. पाठवताना त्यावर ऑइलपेंटने लिहा: कुठल्या टोकाला सुटलं, किती महिने चालला, काय लागत होतं.