पुस्तकावरचा चित्रपट नेहमी मूळ पुस्तकापेक्षा फिका का वाटतो?

नेहमी नाही, पण जाड कादंबरी असेल तर बहुतेकदा वाटतो, कारण मजकुराला कात्री लागते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा धंद्यातला ठोकताळा. दोन तासांना १२० पानं, त्यात ४०० पानी कादंबरी मावणार कशी? उपकथानकं जातात, दोन पात्रांचं एक होतं. त्याहून अवघड म्हणजे पात्राचं मनातलं बोलणं; कॅमेऱ्याला ते दिसत नाही आणि निवेदन घातलं तर (माझ्या मते) रटाळ होतं. कापणं जमलं की मात्र मजा येते: १९६९च्या ‘द गॉडफादर’ कादंबरीतलं माफिया टोळीप्रमुख व्हिटोचं तरुणपण १९७२च्या चित्रपटात घेतलं नाही, ते १९७४च्या दुसऱ्या भागात आलं. लघुकथेला हे लागू नाही, तिथे उलट भर घालावी लागते.