पाच जुन्या जर्मन रायफली आणि लेकीची एफडी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथ-मिलिंगचे वर्कशॉप चालवणाऱ्या ४३ वर्षांच्या वाचकांचे पत्र आले आहे. शहरातले एक वयस्कर नेमबाजी प्रशिक्षक मुलाकडे पुण्याला राहायला चालले आहेत. त्यांच्याकडे दहा मीटरच्या स्पर्धेच्या पाच जुन्या एअर रायफली आहेत: दोन फाइनवेर्कबाऊ ३००एस, एक डायना ७५, एक वॉल्थर एलजीआर आणि एक अन्शुट्झ २५०. पाचही मिळून साडेतीन लाखांना द्यायला ते तयार आहेत. वाचकांचा बेत असा, की प्रत्येकीवर पंधरा हजार खर्चून ती नीट करायची, दोन-तीन रायफली मुलांच्या हाताला बसतील अशा बदलायच्या आणि सव्वा लाखाला एक याप्रमाणे विकायच्या. पैसे लेकीच्या इंजिनीअरिंगसाठी ठेवलेल्या सहा लाखांच्या एफडीतून. एफडी मोडू की तिच्यावर कर्ज काढू, असे त्यांनी विचारले आहे.

नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. डायना उघडल्यावर पिस्टनच्या सीलचा जो चुरा निघाला, त्याचा वर्तमानपत्रावर ठेवून काढलेला फोटो तर किती वेळ बघत होतो. खारी हातात चुरगाळावी तसे तपकिरी तुकडे आणि शेजारी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओळीने मांडलेले तुमचे स्क्रू. ज्याने हे स्क्रू असे मांडले त्याच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. एफडी मात्र मोडू नका, आणि तिच्यावर कर्जही काढू नका.

तुमचा हिशेब आधी तुमच्याच आकड्यांनी मांडतो. साडेतीन लाख आणि दुरुस्तीचे पंचाहत्तर हजार, म्हणजे सव्वाचार लाख गुंतले. पाचही विकल्या तर सव्वासहा लाख आले, दोन लाख सुटले. यात तुमची मजुरी कुठेच नाही. एका रायफलीला चाळीस तास लागतील असे तुम्हीच लिहिले आहे आणि वर्कशॉपमध्ये तुम्ही तासाला ३५० रुपये लावता. दोनशे तासांचे सत्तर हजार झाले. उरले एक लाख तीस हजार, तेही पाचही विकल्या तरच. दोन अडकल्या तर हातात पावणेचार लाख येतात, म्हणजे खिशातले पन्नास हजार बाहेरच राहतात आणि सत्तर हजारांची मजुरी पाण्यात जाते. इकडे लेकीचा प्रवेश जुलैत आहे. प्रवेशाची तारीख रायफल विकली जाण्याची वाट बघत थांबणार नाही.

दोन अडकतील असे मी उगाच म्हणत नाही. तुमच्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत: जमवणे, दुरुस्त करणे आणि बदलणे. तिन्हींचे गिऱ्हाईक वेगळे. जमवणाऱ्याला मूळ अक्रोडाचा दस्ता, मूळ पॉलिश, मूळ डायॉप्टर (नेम धरायची मागची बारीक भोकाची साइट) आणि पुढच्या साइटच्या रिंगा, सगळे जसेच्या तसे हवे असते. मुलांच्या प्रशिक्षकाला यातले काही नको. त्याला हवा आखूड दस्ता, वर-खाली होणारा गालाचा टेकू आणि कमी वजन. तुम्ही दस्त्यावर करवत चालवलीत की पहिला गिऱ्हाईक त्या क्षणी गेला, आणि दुसऱ्याची ऐपत सव्वा लाखाची नसते. एकाच रायफलीतून दोन्ही बाजारांचा भाव मिळत नाही. म्हणून बदल करायचाच असेल तर मूळ दस्ता कापडात गुंडाळून घरात ठेवा (वर्कशॉपच्या पत्र्याखाली नको, मे महिन्यात अक्रोड तडकेल) आणि सागाचा किंवा शिसवीचा नवा दस्ता बनवा. लाकडाला आणि सुताराला पैसे लागतील, पण रायफलीची किंमत शाबूत राहील.

आता पाचांकडे पाहू. ३००एस ही त्यातली सगळ्यात भरवशाची. बार उडाला की वरचा सगळा भाग रुळांवरून किंचित मागे सरकतो आणि धक्का गालापर्यंत पोचतच नाही. पिस्टनवर धातूची रिंग असते, त्यामुळे प्लॅस्टिकच्या सीलसारखा तिचा चुरा होत नाही. डायनात दोन पिस्टन एकमेकांच्या उलट दिशेने धावतात आणि धक्का आपसात मारतात. कल्पना सुंदर आहे, पण जोडताना दातेचक्रांचा मेळ एका दाताने जरी चुकला तरी सगळे पुन्हा उघडावे लागते, आणि सीलचे काय होते ते तुम्ही पाहिलेच. वॉल्थरमध्ये स्प्रिंगच नाही. तरफेच्या एका झटक्यात हवा दाबून धरायची असते आणि सील म्हातारे झाले की ती हवा टिकत नाही. अन्शुट्झमध्ये धक्का जिरवायला तेलाचा दाबक आहे. तुमच्यासारख्या टर्नरला हे चारही प्रकार म्हणजे मेजवानी. विकायला मात्र सोप्या दोनच, त्या ३००एस.

आजचे स्पर्धक दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरच्या रायफली वापरतात, ज्याला वरच्या पातळीवर खेळायचे आहे तो जुनी घेणार नाही. तरीही तुमच्या बेतात दम आहे. दहा मीटर एअर रायफल १९८४ च्या लॉस एंजेलिसपासून ऑलिम्पिकमध्ये खेळली जाते. अभिनव बिंद्रांनी २००८ मध्ये बीजिंगला याच प्रकारात सुवर्ण मिळवले. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांचे २०२४ चे पॅरिसचे पदक पन्नास मीटरचे असले तरी त्यानंतर आपल्याकडच्या आईबापांच्या तोंडी हा खेळ आला. सिलिंडरला उत्पादक मुदत घालतात आणि भरायला सोय लागते. अक्कलकोट किंवा बार्शीच्या एखाद्या शाळेत ती सोय कुठून आणणार? तिथे बाजूची तरफ ओढून चालणारी ३००एस वर्षानुवर्षे मुलांना शिकवू शकते. फक्त ती पाच किलोच्या आसपास भरते, बारा वर्षांच्या पोराला पेलत नाही. तिथे तुमचे कसब लागते. अपंग नेमबाजांचेही तसेच. अवनी लेखरांनी टोकियो आणि पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण मिळवले. ज्यांच्या हातात रायफल पेलण्याचे बळ नाही त्यांच्या गटात स्प्रिंगच्या स्टँडवर रायफल टेकवायला परवानगी असते. असा स्टँड आणि मापाचा दस्ता बनवून देणारा माणूस गावात असणे ही मोठी गोष्ट आहे. याला पैसा मिळेल, पण तो मजुरीचा असेल, रायफलीच्या भाववाढीचा नव्हे.

इथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझे वडील मिलमध्ये जॉबर होते. मिल बंद पडल्यावर हातात आलेल्या पैशातून त्यांनी चार जुने यंत्रमाग घेतले, दुरुस्त करून विकायचे म्हणून. हात सोन्याचा होता. दर गुरुवारी ते मागांना तेल द्यायचे, फडक्याने पुसायचे आणि आम्हाला आवाज ऐकायला बोलवायचे. चारही माग ठणठणीत चालत. गिऱ्हाईक एकाचे आले. तीन माग दोन वर्षांनी भंगारात किलोवर गेले आणि टेम्पो निघताना वडील घरात जाऊन बसले. त्यांच्या कामात खोट नव्हती. गिऱ्हाईक शोधायच्या आधी माल घेतला, एवढेच झाले. तुमचे पत्र वाचताना मला तो टेम्पो दिसत होता.

म्हणून माझा सल्ला असा. प्रशिक्षकांना सांगा, पाचही घेण्याची माझी ऐपत नाही, एक ३००एस घेतो. डायॉप्टर पूर्ण असेल ती निवडा. सरासरीने एकीची किंमत सत्तर हजार पडते. त्यातले एकवीस हजार मजुरीत फेडतो म्हणा: डायना आणि वॉल्थर तुमच्या नावावरच राहू द्या, मी साठ तास काम करून त्या चालत्या करून देतो, मग तुम्हालाही चांगला भाव येईल. उरलेले एकोणपन्नास हजार दिवाळीला लागणाऱ्या तुमच्या साठ हजारांच्या भिशीतून द्या. वरचे अकरा हजार सील, छर्रे आणि लाकडाला. हे पैसे उद्या बुडाले तरी लेकीचा प्रवेश अडत नाही आणि लेथचा १४,२०० चा हप्ताही चुकत नाही. ते तयार झाले नाहीत तर सौदा सोडा. मला कळते, सोडताना जिवावर येईल.

अडीअडचणीसाठी तुमच्याकडे सत्तर हजारच आहेत आणि मुदत विमा नाही. महिन्याला उरणाऱ्या नऊ हजारांतून आधी विम्याचा हप्ता काढा, बाकीचे साठवत न्या. हातावर पोट असलेल्या कारागिराने मनगट मोडले तर काय, हा विचार रायफलीच्या आधी करायचा.

कायद्याचे बघा. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलीला बाळगण्याचा परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या रायफली साडेसात जूलच्या आसपास असतात. पण १९५९ चा हत्यार कायदा विक्री, दुरुस्ती आणि बदल यांच्याही परवान्याबद्दल बोलतो. धंदा म्हणून पाटी लावण्याआधी, आणि डायना-वॉल्थरचे काम हाती घेण्याआधी, पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या, तोंडी ‘चालतंय की’ वर जाऊ नका. कराचेही तसेच: स्वतःच्या वापरातली एखादी रायफल कधीतरी विकली तर त्यावर भांडवली नफ्याचा कर येत नाही, पण विकण्यासाठीच घेऊ लागलात की तो धंद्याचा नफा, वर्कशॉपच्या वहीतच लिहायचा.

पैसे देण्याआधी दहा मीटरवर जाड पुठ्ठा लावा, रायफल टेकवून दहा छर्रे मारा आणि भोके एकमेकांना चिकटतात का ते व्हर्नियरने मोजा. नंबर लिहून घ्या. पावतीवर दोघांच्या सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती हव्यात. भिशी लागेपर्यंत बयाणा देऊ नका. तोवर दोन शाळांच्या क्रीडाशिक्षकांना भेटा आणि मापाचा दस्ता किती रुपयांना परवडेल ते विचारा. त्यांनी सांगितलेला आकडा मला कळवा, पुढचा हिशेब आपण त्यावरून मांडू.