हिटिंग कोचला का हाकलायचं?

प्रश्न : बेसबॉलमध्ये आमची आवडती टीम धावाच करत नाही. सगळे म्हणतात हिटिंग कोचला (फलंदाजी शिकवणाऱ्याला) हाकला, तुम्ही मात्र त्याची बाजू घेता! का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : घेणारच! ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू जेमतेम ०.४ सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅटरपुढे येतो. मी ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत स्ट्राइक, म्हणजे एक संधी गेलीच! दहापैकी तीनदा हिट लागली, म्हणजे फटक्यावर बेस गाठता आला, तरी बॅटर उत्तम ठरतो. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी गाठली, म्हणजे दहापैकी चारहून थोड्या जास्त हिट. त्यानंतर अमेरिकन वा नॅशनल या तिथल्या दोन मोठ्या लीगमध्ये .४०० कुणालाच जमलेलं नाही. कोच बिचारा टीवर (सरावाच्या उभ्या दांड्यावर) चेंडू ठेवून पावलं, कंबर, मनगटं घोटून घेतो. सामन्यात पोरं बाहेर जाणाऱ्या स्लायडरवर (आडव्या वळणाऱ्या चेंडूवर) झेपावतात, आणि वड्याचं तेल वांग्यावर! ठाण्यात पहाटे उठून सामने बघते मी, दिसतं ना सगळं. आधी त्या उतावळ्यांना बाकावर बसवा.