लिलाव, तालीम आणि साठ वर्षांचे ‘प्राचीन’ पानदान

प्रश्न : आजोबांच्या वेळच्या काही वस्तू लिलावाला द्यायच्या आहेत. साठेक वर्षांचे पितळी पानदान, एक बिदरी सुरई आणि राजा रविवर्म्याची लक्ष्मी. यादीत त्यांचे वर्णन करताना ‘प्राचीन’ लिहावे, ‘पुरातन’ लिहावे की सरळ ‘अँटिक’? (सोलापूरचे एक वाचक)

तिन्ही लिहू नका. साठ वर्षांचे पानदान ‘प्राचीन’ म्हटले, तर आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासाठी कोणता शब्द उरला? जुन्या कपाटापासून फुटक्या घंगाळापर्यंत जे विकायचे ते ‘प्राचीन’, हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. ‘पुरातन’ त्याच माळेचा. ‘अँटिक’ तर सराफांनी केव्हाच पळवला : परवा घडवलेल्या हारावर काळपट झिलई दिली की तो ‘अँटिक’. त्या शब्दातून वस्तूच्या वयाचा पत्ता लागत नाही. १९७२ च्या केंद्रीय कायद्यात पुरावस्तूसाठी किमान १०० वर्षांची अट आहे, हस्तलिखिते आणि दस्तऐवजांसाठी ७५ वर्षांची. तेवढे वय सिद्ध होत असेल तर ‘पुरावस्तू’ लिहा. मग त्या कायद्याचे विक्रीविषयक नियमही लागू होतात, हे लक्षात असू द्या. नाहीतर ‘जुने’ हा चांगला मराठी शब्द आहे, त्याची लाज कसली?

पण तुमच्या प्रश्नातला खरा शब्द तुम्ही न विचारता सोडून दिलात. तो म्हणजे ‘लिलाव’.

आपल्याकडे एक विद्वान मंडळी हा शब्द ‘लीला’शी जोडतात. कशाच्या आधारावर? ‘ली’ आणि ‘ला’ ही दोन अक्षरे जुळली म्हणून! अशी व्युत्पत्ती सांगायला कोश उघडावाच लागत नाही, आणि सांगणाऱ्यांनी तो उघडलेलाही नसतो. ‘लिलाव’ पोर्तुगीजांच्या ‘लैलांव’ या शब्दावरून आला. शेवटचा नाकातला ‘आंव’ मराठीने ‘आव’ केला. जुन्या लेखनात ‘लिलांव’ असा अनुस्वारही सापडतो. अगदी हीच वाट भाजीबरोबर खातो त्या पावाची. तोही पोर्तुगीज, त्याचाही शेवट तसाच. (पायाने तुडवतात म्हणून ‘पाव’ ही कथा सांगणारे आणि ‘लीला’वाले बहुधा एकाच पंगतीतले.) हिंदीने ‘लैलांव’चे ‘नीलाम’ केले, मल्याळमने ‘लेलम’, तमिळने ‘एलम’. आपल्या शहराच्या पूर्व भागातली तेलुगू मंडळी ‘वेलम’ म्हणतात, तोही याच घरातला. कन्नडभाषक शेजारी मात्र ‘हराजु’ म्हणतात. तो आपला ‘हर्रास’, त्याचे कूळ वेगळे.

आता पुढची पायरी. ‘लैलांव’ हा शब्द पोर्तुगीजांचाही स्वतःचा नाही, त्यांनी तो अरबीतून घेतला. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६ च्या कोशात चार्ल्स फिलिप ब्राउन यांचे टिपण दिले आहे. तेलुगू-इंग्रजी कोश रचणारे तेच हे ब्राउन. त्यांच्या मते मूळ शब्द ‘अल्-इअ्‌लाम’, म्हणजे जाहीर करणे, कळवणे, दवंडी. काही कोशकार मात्र ‘अलम’ म्हणजे निशाण याकडे बोट दाखवतात : लिलावाच्या जागी निशाण लावत असतील म्हणून. मला हे मुळीच पटत नाही. निशाण काय, जत्रेत, मिरवणुकीत, गडावर कुठेही लागते. लिलाव चालतो तो पुकाऱ्यावर. आपल्या बाजार समितीत कांद्याच्या ढिगापुढे उभे राहून पाहा. आवाज थांबला की लिलाव थांबला. या बाबतीत मी ब्राउन यांच्याच बाजूचा.

आणि निशाण घ्या की दवंडी, धातू एकच : ऐन-लाम-मीम या तीन अरबी अक्षरांचा, म्हणजे जाणणे. त्याच धातूपासून ‘इल्म’ म्हणजे ज्ञान. ‘मालूम’ म्हणजे जाणलेले, तोही त्यातलाच. ‘अलम दुनिया’तला ‘अलम’ म्हणजे जग, तोही तिथलाच. आणि ‘तालीम’! अरबीत तिचा अर्थ शिकवणे. शिकवण्याचे ठिकाण म्हणून मराठीत ती कुस्तीच्या आखाड्याला चिकटली, नाटकवाल्यांनी सरावाला लावली. सोलापुरात पेठांतून तालमी आहेत, माणूस कोणत्या तालमीचा यावरून ओळखला जातो. पण बाजारातला ‘लिलाव’ आणि लाल मातीतली ‘तालीम’ ही सख्खी भावंडे आहेत, हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. एक अरबस्तानातून लिस्बनला वळसा घालून आले, दुसरे फारसीचा हात धरून.

म्हणून लिलावाच्या वर्णनात थाप मारलेली मला अजिबात सहन होत नाही. त्या शब्दाचे काम कळवण्याचे आहे. तुमच्या सुरईला ‘काळी चांदी’ लिहू नका. बिदरीचे अंग जस्ताचे असते, त्यात थोडे तांबे. चांदी फक्त नक्षीत जडवलेली. काळा रंग येतो बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने. लक्ष्मीच्या तसबिरीला ‘मूळ चित्र’ म्हणण्याआधी ती नीट पाहा. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि तिथल्या तसबिरी घरोघर गेल्या. तुमची त्यातली असेल तर ‘छापील तसबीर’ लिहा.

पानदानाचे वर्णन एवढेच पुरे : ‘पितळी पानदान, सुमारे साठ वर्षांचे, वापरातले.’ आतल्या वाट्या मूळच्या आहेत की नंतरच्या, तेही लिहा, घेणारा पहिल्यांदा तेच पाहतो. ‘दुर्मिळ’ लिहायचा मोह होईलच. तशी पानदाने अजून बऱ्याच घरांत माळ्यावर पडून आहेत, तेव्हा तो शब्द गाळा. आणि दुसऱ्या कुठल्या वस्तूला लावलाच, तर ‘दुर्मीळ’ असा ‘मी’ दीर्घ काढा.